कोथरूड डेपो ते पाषाण रोज: सायकल की इलेक्ट्रिक स्कूटर?

टेकडीअल्याड
नमस्कार. मी कोथरूड डेपोजवळ राहते, नोकरी पाषाणला. मध्ये वेताळ टेकडी आडवी, म्हणून एकतर चांदणी चौक-बावधन, नाहीतर पार सेनापती बापट रस्त्याने वळसा. चांदणी चौकातून साधारण आठ किलोमीटर होतात. इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर मोटारीने जायचे. आता ह्यांची बदली नाशिकला झाली आणि मोटारही तिकडे गेली. दुसरी घ्यायची नाही हे माझं पक्कं आहे. एका माणसासाठी चार सीटचा डबा रोज चौकात नेऊन उभा करायचा, हे मनाला पटत नाही.

घरात मुलाची गिअरची सायकल पडून आहे. दुसरा विचार २५० वॅटच्या, ताशी २५ च्या आतल्या इलेक्ट्रिक स्कूटरचा. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. माझ्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे मन तिकडे ओढतंय.

रविवारी सकाळी सायकल काढून चौकापर्यंत गेले. चढ दमवतो, पण जमला. वर दुसरा रॅम्प येऊन मिळतो तिथे एक मोटार इतकी जवळून गेली की तिचा आरसा बाहीला घासला. घरी येऊन पाहिलं तर कोपराजवळ बोटभर काळा ओरखडा. तेव्हापासून धीर होत नाही. रोज जाणाऱ्यांनी कृपया सांगा.

चेनकव्हर
ताई, तुम्ही अगदी कडेने चालला असाल. सुरुवातीला सगळे तेच करतात. कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, आहे त्याच लेनमधून निघून जाऊ. कडेपासून तीन फूट आत चालवा, म्हणजे त्याला वळसा घालावाच लागतो. हॉर्न वाजतील, वाजू द्या. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय.

पौड रस्त्यावर उभ्या मोटारींपासूनही तेवढंच लांब राहा. मला २०१९ मध्ये अचानक उघडलेलं दार लागलं, दीड महिना हात गळ्यात होता.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला. मोटारींची कोंडी सुटली खरी, पण वेग वाढला आणि आपल्याला ओलांडायचे रॅम्पही वाढले. मी तिथे पाय टेकतो, मान पूर्ण मागे वळवून बघतो. मोटारी लाटेने येतात. एक लाट गेली की निघायचं. उजव्या हँडलला आरसा आणि मागे लाल दिवा आजच लावून घ्या.

बिनधुराची
२५० वॅटची स्कूटर आम्ही आईसाठी घेतली होती. गल्लीबोळात, भाजीला वगैरे उत्तम. पण माणूस आणि स्कूटर मिळून दीडशे किलो, त्यात डेपोचा चढ! दहा-बारावर येते आणि मागून बस. तिथे वेग कमी पडणं जास्त धोक्याचं. लायसन्स काढा आणि हिरव्या पाटीची, नोंदणीची घ्या. हेल्मेट दोन्हीवर हवंच.

चार्जिंगचं आधी बघा. आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग द्यायला आठ महिने लावले. तोवर बॅटरी काढून तीन मजले वर न्यायचे. दुकानात ती हातात उचलून बघा, मगच ठरवा.

खडकीवाला
मी १९७४ पासून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात असे. सुटीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली, मोटार आलीच तर तीच थांबे. डायनॅमो नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडत. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण आमच्या भागात ट्रॅकवर स्कूटरी उभ्या दिसतात. हे बघून फार वाईट वाटतं. मुली, तू जा. पण पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर ब्रेक दाबू नकोस.

टेकडीअल्याड
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. शिकाऊ लायसन्स निघालं, स्कूटर दिवाळीनंतर बघेन. तोवर सायकल. सात-दहाला निघते, पस्तीस मिनिटं लागतात. तीन फुटांचं अगदी खरं निघालं, मोटारी आता लांबून जातात.

रॅम्पपाशी मात्र अजून छातीत धडधडतं. काल तिथे पाय टेकून उभी होते, तर मागून आणखी एक बाई सायकलवर आल्या, बावधनच्या शाळेत शिकवतात. दोघींनी मिळून ओलांडला. उद्यापासून सव्वासातला डेपोच्या गेटपाशी भेटायचं ठरलंय. त्या वाटेने आणखी कुणी जात असेल तर या, आम्ही पाच मिनिटं थांबू.