प्रति: कराचं जुनं पुस्तक चालेल का?
'तत्त्वं तीच असतात, जुनी आवृत्ती घ्या' हे गुंतवणुकीच्या पुस्तकांना ठीक, कराच्या नाही. १९६१चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६पासून २०२५चा लागू. कलमांचे क्रमांकसुद्धा बदलले.

आपल्यासारख्या बागायतदारांनी आधी शेती उत्पन्नाचं प्रकरण उघडावं. रत्नागिरीत मी घेतलेल्या पुस्तकात 'शेती करमुक्त' एवढ्यावर विषय संपवला होता! बागेतला हापूस पेटीने विकला तर शेती उत्पन्न, पण त्याचाच पल्प डबाबंद करून विकला की प्रक्रियेचा नफा धंद्यात धरतात. शिवाय पेन्शन वगैरे बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,०००च्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना आंबाही मोजला जातो. हे आकडेमोडीसकट दिलं नसेल तर मी पुस्तक परत फळीवर ठेवतो, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो.