फाउंड्रीत टनामागे युनिट वाढले, पण बचतही झाली आहे. कसं मोजायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी मेंटेनन्स बघतो. इंडक्शन भट्ट्या, सँड प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग असा नेहमीचा पसारा. गेल्या वर्षापासून ऊर्जेचा हिशेबही माझ्याकडे आहे आणि तिथेच अडलोय.

आम्ही महिन्याचे एकूण युनिट भागिले चांगल्या कास्टिंगचे टन असा आकडा काढतो. मार्चमध्ये ४,८०,००० युनिट, ४०० टन. म्हणजे टनाला १,२००. त्यानंतर भट्टीला झाकण बसवलं, हवेच्या लाइनची गळती काढली, वितळलेला रस भट्टीत गरम धरून ठेवायचा (होल्ड) वेळ कमी केला. जूनमध्ये ऑर्डर घटल्या, २८० टनच माल निघाला आणि युनिट लागले ३,६३,०००. टनाला १,२९६! मालक विचारतात, एवढं करून वाढलं कसं? पोरांनी ऐन मे महिन्यात भट्टीपाशी उभं राहून हे काम केलंय, त्यांच्या मेहनतीवर असा शेरा बसलेला मला बघवत नाही.

म्हणून मार्चपर्यंतच्या बारा महिन्यांचे आकडे आलेखावर टाकले. उत्पादन असो-नसो महिन्याला साधारण १,२०,००० युनिट जातातच, वर टनाला ९००. या रेषेप्रमाणे २८० टनांना ३,७२,००० लागायला हवे होते. म्हणजे ९,००० वाचले. आयएसओ ५०००१ या ऊर्जा व्यवस्थापनाच्या मानकातली बेसलाइन (तुलनेसाठीची आधाररेषा) ती हीच ना? माझी शंका अशी की जुने ठिपकेही रेषेच्या वर-खाली पाच-सहा हजारांनी आहेत. मग एका महिन्याच्या ९,०००वर विसंबावं का, की तीन-चार महिन्यांची बेरीज दाखवावी?

दुसरं, भट्टीच्या मीटरवर वितळलेल्या टनाला ५८० युनिट येतात. हा आकडा भट्टीपुरता चांगला, पण रिजेक्शन (खराब निघालेला माल) वाढलं तरी तो हलत नाही. तोच माल पुन्हा वितळवला की तेवढेच टन परत मोजले जातात. मला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवावेसे वाटतात. तुम्ही काय करता?

तिसरं जास्त खटकतंय. आमचं मोठं गिऱ्हाईक लिस्टेड कंपनी आहे. सेबीच्या बीआरएसआर अहवालासाठी (लिस्टेड कंपन्यांचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल) त्यांना आमच्याकडून उलाढालीच्या रुपयामागे ऊर्जा हवी आहे. शाश्वत विकास उद्दिष्ट ७.३ मध्ये देशाची ऊर्जा जीडीपीच्या तुलनेत मोजतात, ते समजू शकतो. पण स्क्रॅप महागलं की कास्टिंगचा दर वाढतो आणि काहीही न करता आमचा आकडा सुधारतो! फॉर्मसोबत टनाचा आकडा आणि बेसलाइनची रेषा जोडली तर ते स्वीकारतात का? कोणी पाठवलं आहे का?

छतावर सोलर आहे, त्याचे युनिट मी बिलात मिळवून घेतो, नाहीतर नेट मीटरिंगमुळे खप कमी झाल्याचा भास होतो. शिवाय एचटी (उच्चदाब) बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेल्या युनिटवर, असल्याने किलोवॅट-तास मीटरवरूनच घेतो.

जूनचा रिपोर्ट सोमवारी द्यायचा आहे. लॉगशीट लागली तर टाकतो.