वॉशिंग मशीन पाणी भरायचं थांबतच नाही. कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलू का?

भिजका_मोजा
टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, सात वर्षांचं मशीन. पंधरा दिवसांपासून पाण्याची पातळी कितीही कमी लावली तरी ते काठोकाठ भरतं. कपडे फिरायला सुरुवातच होत नाही, पाणी मात्र येतच राहतं. परवा फोनवर बोलत बसले आणि उठून बघते तर बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत तळं. मेकॅनिक आला, दोन बटणं दाबली, मागचं झाकणही न काढता म्हणाला, 'कार्ड गेलंय.' त्याने कार्डाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी पुन्हा बादलीकडे वळले आहे. कार्ड बदलू, की मशीनच?

घडी_इस्त्री
सात वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. नवीन घ्या, डोक्याला ताप नको.

पाना_पक्कड
थांबा ताई, एवढ्यात काही घेऊ नका. आधी एक करा. पाणी भरत असताना मशीनचा प्लग सरळ काढा. (हात कोरडे आणि पायाखालची जमीनही कोरडी असू द्या. तळं साचलं असेल तर आधी मेन स्विच बंद.) प्लग काढल्यावर पाणी यायचं थांबलं की चालूच राहिलं, एवढं सांगा.

भिजका_मोजा
आत्ताच करून बघितलं. लगेच थांबलं.

पाना_पक्कड
मग इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे नळाचं पाणी आत सोडणारी झडप, ठीक आहे. वीज नसताना तो आपोआप मिटायला हवा. प्लग काढूनही पाणी आलं असतं तर आत वाळूचा कण अडकलाय किंवा रबरी पडदा गेलाय असं धरलं असतं. तुमच्याकडे व्हॉल्व्ह हुकूम पाळतोय, पण 'आता पुरे' हा हुकूमच त्याला मिळत नाहीये.

पाणी किती भरलं हे मशीनला दिसत नाही, ते हवेवरून कळतं. टबाच्या तळाशी एक छोटी डबी असते आणि तिच्यापासून बोरूएवढी बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, सेन्सर तो दाब मोजतो. हा दाब असतो अगदी थोडा. पाणी १० सेंमी वर आलं तर जेमतेम १ किलोपास्कल. त्यामुळे नळीला टाचणीएवढं भोक पडलं, टोक निसटलं किंवा तळाच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला की सेन्सरला टब रिकामाच वाटतो. तो बिचारा पाणी मागत राहतो. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा मशीनमध्ये कार्ड क्वचितच दोषी निघालं. दहापैकी सात-आठदा नळीच.

प्लग काढा, नळ बंद करा, मागचं झाकण उघडा. नळी सेन्सरकडून सोडवा आणि सोडवलेल्या टोकातून टबाच्या दिशेने फुंका. सेन्सरमध्ये जोरात फुंकू नका, आतला पडदा फाटतो. फुंकर अडली तर गाळ आहे. सहज गेली तर नळीवर बोट फिरवून चीर शोधा, विशेषतः वाकते तिथे.

सुती_चादर
माझं उलट आहे. फ्रंट लोड. पाणी भरतंय भरतंय आणि ड्रममध्ये टिकतच नाही. शेवटी एरर येतो. हीच नळी का?

पाना_पक्कड
नाही. पाणी येतंय तसंच निघून जातंय. ड्रेनचा पाइप खाली जमिनीवर सोडलाय का? फ्रंट लोडमध्ये त्याचं टोक साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवर हवं, नाहीतर पाणी सायफनने आपसूक ओढलं जातं. आणि ते भिंतीतल्या पाइपात घट्ट ठासू नका, बाजूने हवा जायला जागा ठेवा. बऱ्याच टॉप लोडमध्ये पंप नसतो, व्हॉल्व्ह असतो, म्हणून त्यांचा पाइप खालीच असतो. तिथे पाणी टिकत नसेल तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये नाणं नाहीतर हुक अडकलाय का बघायचं.

सुती_चादर
पाइप जमिनीवरच आहे. लादी पुसताना मीच खाली काढला होता. 🙈

गच्चीवरची_टाकी
आमच्याकडे पाणी भरायलाच अर्धा तास लागतो. टाकी डोक्यावर लगेचच आहे.

पाना_पक्कड
१० मीटर उंचीला १ बार दाब, म्हणजे दोन मीटरवरच्या टाकीचा ०.२. बऱ्याच मशीनना किमान ०.३ लागतो. आधी इनलेट पाइप खोलून तोंडाची जाळी धुवा. तरी फरक पडला नाही तर छोटा प्रेशर पंप.

भिजका_मोजा
झाकण उघडलं! नळीला चीर नाही, पण फुंकर जाईना. गाल दुखले. पाचव्यांदा 'बुळुक' झालं आणि टबात राखाडी, दुधाच्या सायीसारखा लिबलिबीत गोळा वर आला. कोमट पाणी सोडून नळी धुतली, जोडली, मशीन लावलं... आणि पाणी परत वरपर्यंत! आता मात्र कार्डच ना?

पाना_पक्कड
नळी जोडली तेव्हा टबात पाणी होतं का?

भिजका_मोजा
हो, अर्धा टब.

पाना_पक्कड
तिथेच घोळ झाला. टबात पाणी असताना नळी उघडली की हवा निसटते, डबीत पाणी शिरतं. मग जोडल्यावर सेन्सर त्या अर्ध्या टबालाच शून्य समजतो आणि तिथून पुढे मोजतो. टब पूर्ण रिकामा करा, नळी पुन्हा काढून झटका, आत थेंबही राहू देऊ नका, आणि रिकाम्या टबावर जोडा. मग कपडे न घालता सगळ्यात कमी पातळी लावून बघा.

भिजका_मोजा
सगळ्यात कमी, म्हणजे ६ लावलं, ६ वर थांबलं. परत लावलं, परत ६ वर. मेकॅनिक उद्या कार्ड घेऊन येणार होता, त्याला आत्ताच नको म्हणून कळवते.

पाना_पक्कड
छान. पावडर किती घालता?

भिजका_मोजा
...मापाने नाही घालत. 😐