भरपाईसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही

आरोपीला शिक्षा झाल्याशिवाय पीडिताला काही मिळत नाही, असं बरेचदा म्हटलं जातं. ते तसं नाही. २००९ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडिताला भरपाई देण्यासाठीचं कलम ३५७-अ आलं. तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६ आहे. आरोपी सापडलाच नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, भरपाईसाठी अर्ज करता येतो.

पण हे सांगतं कोण? सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. चोरट्याने डोकं फोडलं. साक्षीला गेल्या तेव्हा आरोपीच्या नातेवाइकांना खेटून एकाच बाकावर, व्रणावर पदर ओढून, दिवसभर बसल्या. संध्याकाळी पुढची तारीख मिळाली आणि मजुरी बुडाली ती बुडालीच. अर्जाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता आम्ही तो भरतोय.