गांधीलमाशीतलं 'गांधील' कुठून आलं?

प्रश्न: बाल्कनीच्या ग्रिलला गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, ते बघून लेक विचारते आई हिचा गांधीजींशी काय संबंध, आता काय सांगू? कुणाला माहितीये का?

– काहीच संबंध नाही हो 😄 पित्ताच्या गांधी उठतात ना अंगावर, ही चावली की तश्शीच टम्म लालबुंद गांध येते, पण शब्द त्यावरून नाही, संस्कृत 'गंधोली'वरून आलाय, त्याचा अर्थच गांधीलमाशी.

– पटतंय. 'माशी'सुद्धा संस्कृत मक्षिकेवरून, मधमाशी म्हणजे मधुमक्षिका.

– व्युत्पत्ती राहू द्या, आधी पोळ्याला हात लावू नका!! मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते, हिची तुटत नाही त्यामुळे एकटीच परत परत डसते.

– आणि ते पोळं मेणाचं नसतं, लाकूड कुरतडून लाळेत कालवून केलेला चक्क कागद असतो.