औषध चालू असले तरी व्यायाम कशासाठी?
‘वजन कमी करण्याचे इंजेक्शन सुरू झाले की पथ्य आणि व्यायाम सोडले तरी चालते’ हे मत मला पटत नाही. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या औषधाची जी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले खरे. पण औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम सांगितलेला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटाची घट जेमतेम अडीच टक्के होती, त्यामुळे औषधाला ‘पळवाट’ म्हणणेही अन्यायाचे ठरेल.

खरी अडचण स्नायूंची आहे. या औषधाने जठर सावकाश रिकामे होते, भूक मंदावते आणि चार घासांतच पोट भरते. अशा वेळी ताटात नेमके प्रथिनांचे पदार्थ उरले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि वजनकाट्याला (तो बिचारा फक्त किलो मोजतो) त्यातला फरक कळत नाही. म्हणून जेवणाची सुरुवात प्रथिनांनी करावी आणि आठवड्यातून किमान दोनदा वजने उचलण्यासारखा व्यायाम करावा. औषध थांबवल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचेही त्याच चाचणीच्या पुढील टप्प्यात दिसले आहे, तेव्हा ते किती काळ घ्यायचे हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.