मदत हवी आहे: दारूधोरणाच्या सर्व्हेत सगळेच 'पूर्णपणे सहमत'

स्टाफनर्स_होणार: सरकारच्या दारूधोरणाबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं, असा प्रोजेक्ट आहे. फॉर्म भरून आले, पण बघावं तिथं 'पूर्णपणे सहमत'. कर वाढवा? सहमत. दुकानं कमी करा? सहमत. मॅडम म्हणतात, यावर चर्चा काय लिहिणार? सोमवारी दाखवायचंय. कोणती स्टॅटिस्टिकल टेस्ट लावली की फरक दिसेल?

कृष्णाकाठ: कोणता कोर्स? फॉर्म कुणी भरले? एवढं तरी सांगा आधी.

स्टाफनर्स_होणार: बी.एस्सी. नर्सिंग, तिसरं वर्ष, सांगली. भरणारे आमच्याच कॉलेजचे. टेस्टचं सांगा ना कुणीतरी.

आडवी_बाटली: सहमत आहेत तर तसंच लिही की. खरा प्रश्न मतदानाचा आहे, तो विचार. दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे 'बंद'च्या चिन्हाला, लागतात. आमच्या खटावातल्या निम्म्या बायका पोटापाण्यासाठी मुंबईला. त्या आल्या नाहीत की मत आपोआप दुकानाच्या पारड्यात.

तासगावचा_बागायतदार: सरसकट दारू म्हणून वाइनला त्यात ओढू नका. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तो विरोधापुढे अडकला. मग पलूसला वाइन पार्क काढला कशाला? द्राक्षाला दर नसला की आमच्या हातात बेदाणाच उरतो.

आडवी_बाटली: दादा, तुमच्या बागेशी भांडण नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत मद्य १९८८ पासून पहिल्या, म्हणजे कॅन्सर करतातच अशांच्या गटात आहे, त्यातून वाइन वगळलेली नाही.

पीएसएमवाले_सर: फॉर्ममध्ये रोल नंबर मागितलाय का?

स्टाफनर्स_होणार: हो, पहिलाच रकाना. कुणाचा राहिला ते कळावं म्हणून. त्याखाली 'तुम्ही मद्यपान करता का?'

पीएसएमवाले_सर: मग कुठलीच टेस्ट कामाची नाही. महाराष्ट्रात दारूसाठी २५ आणि बिअर-वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात. तुझ्या वर्गातली मुलं वीस-एकवीसची. रोल नंबर टाकून 'हो, पितो' असं मॅडमच्या हातात कोण लिहून देईल? आणि तिथं सावध झालेला पुढं करवाढीलाही शोभेलसंच उत्तर देणार. रोल नंबर, ई-मेल दोन्ही काढ. वाक्यंही अशी घाल, की एकाला हो म्हणताना दुसऱ्याला विचार करावा लागेल. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क कंपनीनं जाहीर केलेल्या निर्मितीखर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट झालं. त्यावर विचार: 'दर वाढले की पिणारा हातभट्टीकडे वळतो' आणि 'दर वाढले की नवी मुलं नादी लागत नाहीत'. एथिक्स कमिटीचं, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचं, पत्र आहे ना?

स्टाफनर्स_होणार: आहे, पण जुन्या फॉर्मचं. आलेल्या फॉर्ममधून रोल नंबर उडवून वापरले तर?

पीएसएमवाले_सर: आता उडवलास तरी उत्तर देताना तो समोर होताच. बदललेला फॉर्म कमिटीला दाखव, मॅडमकडून मुदत माग. इथं टाक, वाक्यं मी बघून देतो.

कराडची_ताई: मध्येच विचारते सर. भाऊ रोज पितो, उद्यापासून एकदम बंद म्हणतोय. घरीच ठेवलं तर चालेल?

पीएसएमवाले_सर: ताई, रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. आधी सिव्हिलला मानसोपचार ओपीडीत दाखवा. १४४४६ या मोफत हेल्पलाइनवरही विचारा.

स्टाफनर्स_होणार: मॅडमशी बोलले, आठवडा मिळाला. फॉर्म रात्री टाकते. ती दोन वाक्यं एकाखाली एक ठेवू की लांब?

पीएसएमवाले_सर: लांब.